चौथ्या बाजूचं पाणी

नवा माणूस भेटला की आपण नाव विचारतो, गाव विचारतो. मुन्शीजी विचारायचे, "तुमच्या पूर्वेला कोण?"

मलाही त्यांनी पहिल्या भेटीत हेच विचारलं. अंबडच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर कडुलिंबाखाली एक उतरती लाकडी पेटी मांडून ते बसलेले असत. मी शाळेतून परस्पर आले होते, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. म्हटलं, घर बघितलंय, खरेदीखत करायचंय, कागदपत्रं काय काय लागतील? त्यांनी मान वर केली, माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघितलं आणि म्हणाले, "आता राहता तिथं तुमच्या पूर्वेला कोण हाय?"

मला सांगता येईना. त्या भाड्याच्या खोलीत मी आणि माझी माय नऊ वर्षं राहत होतो, पण पूर्व कुठली तेच आठवेना. "मंग तुम्ही तिथं राहतच न्हाई," ते म्हणाले. "नुस्तं सामान ठिवलंय." मला राग आला. पण राग आला म्हणून बोलणं खोटं ठरत नाही, हे मी वर्गात पोरांना रोज सांगते.

त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून दस्त लिहायचे, तेव्हापासून त्या घराला मुन्शी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ह्यांनी पुढं मराठीतून दस्त लिहिले. मी भेटले तोवर दस्त संगणकावर टाइप होऊ लागले होते आणि मुन्शीजींच्या हातात काही उरलं नव्हतं, फक्त चार ओळी सोडून. त्या चार ओळी म्हणजे चतुःसीमा: घराच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस, दक्षिणेस काय. समोरच्या टायपिंगच्या दुकानातला माणूस सगळं खरेदीखत खटाखट टाइप करायचा आणि तेवढी जागा कोरी सोडून गिऱ्हाइकाला लिंबाखाली पाठवायचा. "ते मुन्शीजीकडून आणा. दुसऱ्यानं लिवलं तर गावाला पटत न्हाई."

चार ओळी लिहायला त्यांना कधीकधी आठवडा लागे. कारण ते आधी चालत जायचे. डोक्यावर पांढरी टोपी, बगलेत मिटलेली छत्री, पायात वहाणा. वेळ ठरलेली, दुपारी चारची. चारला उन्हाचा रंग बदलतो आणि भिंती खरं बोलायला लागतात असं त्यांचं म्हणणं होतं. घराभोवती ते सावकाश फिरायचे, मध्येच थांबून भिंतीला तळहात लावायचे, डोळे मिटायचे. खुशीत असले की दिशांची नावं वडिलांच्या भाषेत घ्यायचे. पूर्व म्हणजे मशरिक, पश्चिम मगरिब, उत्तर शुमाल, दक्षिण जुनूब. "शुमाल" हा शब्द ते असा लांबवत की मला थंडीतली सकाळ आठवायची.

गावातल्या जुन्या दस्तांमध्ये हद्दी लिहिलेल्या असतात त्या झाडांच्या, ओट्यांच्या, तबेल्यांच्या. ती झाडं गेली, तबेल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. पण मुन्शीजींना कागदातलं गाव पाठ होतं आणि ते त्याच गावात राहायचे. वेशीतून आत आलं की एक चिंच होती म्हणे, माझ्या जन्माआधी पडलेली. ती दोन-तीन दस्तांमध्ये कुणाची पूर्व, कुणाची पश्चिम होती. मुन्शीजी तिथं आले की रस्ता सोडून कडेनं वळसा घालायचे. भर बाजाराच्या दिवशी, मोकळ्या रस्त्यात, नसलेल्या बुंध्याला वळसा. मागून येणारे रिक्षावाले शिव्या द्यायचे, मग ओळखून म्हणायचे, "अरे, मुन्शीजी हायेत, चिंच चुकवून राह्यले." मी एकदा विचारलं, झाड तर नाही तिथं? तर म्हणाले, "झाड गेलं मॅडम. पूर्व कुठं गेली? ती तिथंच हाय ना."

आता त्यांचा नियम सांगते, ज्याच्यापायी हे सगळं लिहायला बसले.

घर घेणाऱ्याला बरोबर घेऊन ते चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जायचे आणि प्रत्येक घरात त्याला पाणी प्यायला लावायचे. चार घरांचं पाणी पोटात गेल्याशिवाय चार ओळी कागदावर उतरत नसत. जालन्याचा एक व्यापारी गोदामासाठी जागा घ्यायला आला होता, त्याची गोष्ट गावात अजून सांगतात. गाडी चालू ठेवूनच तो म्हणाला, "मुन्शीजी, जल्दी करा." मुन्शीजी म्हणाले, "बिलकुल. चार घोट पाणी, बस." पहिल्या दोन घरी पाणी झालं. तिसऱ्या घरच्या माणसानं हाताची घडी घातली: ह्या जागेची नाली माझ्या दारात फुटते, ती आधी बुजवा, मग पाणी. व्यापारी चिडला, निघून गेला आणि तीन दिवसांनी गवंडी घेऊन परत आला. नाली दुरुस्त झाली. त्या घरी पाणीच काय, भज्यांची बशीही आली. गाडी तेवढा वेळ बंद होती.

मला ही गोष्ट फार आवडायची. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मीच ती सांगून हसवायची. तो नियम एक दिवस माझ्याच घशाशी येईल असं वाटलं नव्हतं.

मी कुंभार पिंपळगावची. आमची वस्ती गावाच्या नाल्यापलीकडे, आणि घरावर निळा झेंडा. वडील शाळेत शिपाई होते. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात यायचं, तेव्हा ते भांडी फळीवर चढवता चढवता म्हणायचे, "एक दिवस वेशीच्या आत घर घेऊ." ते गेले तेव्हाही आम्ही नाल्यापलीकडेच होतो. मला नोकरी लागली, अंबडला बदली झाली. इथं खोली शोधताना काय काय झालं ते सांगत नाही. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणीतरी घेतलेली असायची, एवढं पुरे. शेवटी स्टँडमागे मिळाली ती घेतली. म्हणून वेशीच्या आतलं ते घर दिसलं तेव्हा मला दुसरं काही सुचेना.

दोन खोल्या, दगडी भिंती, वर मातीचं माळवद, पुढं छोटं अंगण आणि अंगणात आड. घरमालकीण पुण्याला मुलाकडे गेलेली. तिला विकायचं होतं, मला घ्यायचं होतं. मुन्शीजी मला पहिल्यांदा आत घेऊन गेले ते थेट आडापाशी. "वाका," म्हणाले. मी वाकले. खाली एक गोल आभाळ होतं आणि त्यात माझं डोकं. पारवे फडफडले, पाणी हललं, परत स्थिर झालं. किती वेळ मी तशी उभी होते कुणास ठाऊक. चारचं ऊन भिंतीवरून उतरत होतं आणि मला वाटलं, मी इथं आधीच राहून गेलेय, फक्त आठवत नाही. मुन्शीजी मागून हळूच म्हणाले, "आडानं बघितलं तुम्हाला. आता शेजाऱ्यांनी बघावं."

पूर्वेला टेलरिंग करणारं कुटुंब. भाभींनी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, मला बाजूला बसवलं आणि माझ्या ब्लाउजची बाही उसवलीय हे दाखवून दिलं. पश्चिमेला वाटूरहून आलेलं शेतकरी कुटुंब. सुनेनं पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला. उत्तरेला एकटे राहणारे निवृत्त कंपाउंडर. त्यांनी पाणी दिलं आणि रक्तदाबही मोजला. मी उडत होते म्हटलं तरी चालेल.

दक्षिणेला काकू. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना काकूच म्हणत. लग्नाचा मुहूर्त असो की नळाचं भांडण, गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, हसून बोलल्या.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"कुंभार पिंपळगाव."

"हां हां, आमची मावशी दिल्ती तिकडं." मग थोडं थांबून, "पिंपळगावात कुठं?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखते. तो सगळीकडे सारख्याच आवाजात विचारला जातो. मी म्हटलं, "नाल्याच्या पल्याड."

"बरं बरं," काकू म्हणाल्या. "बसा."

आम्ही बसलो. काकू उन्हाबद्दल बोलल्या, पापडाबद्दल बोलल्या, मुलाच्या नोकरीबद्दल बोलल्या. दारातून आतला माठ दिसत होता, ओलं फडकं गुंडाळलेला. त्याच्या बुडाशी थेंब जमायचा, लोंबायचा, पडायचा. मी तेवढंच बघत होते. पाणी आलं नाही. मुन्शीजी उठले, नमस्कार केला आणि गल्लीत येऊन म्हणाले, "आज विसरल्या असतील. उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशी मी गेले, ही माझी चूक. घराचा मोह होता. ह्या वेळी मुन्शीजींनी सरळ मागितलं, "काकू, पाणी पाजा." काकू आत गेल्या, एक तांब्या आणि एक पेला घेऊन आल्या आणि मुन्शीजींच्या पुढ्यात ठेवला. "घ्या मुन्शीजी. तुम्ही उन्हाचे आल्ते." मुन्शीजींनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पेला तसाच ठेवून ते उठले.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मी दम धरला. मग माझा तोल गेला. वय, मान, काही बघितलं नाही.

"मुन्शीजी, सगळ्यांना पाणी पाजणारा तुमचा नियम मला तहानेनं मारतोय. माझ्या बापानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्याला पर्याय नव्हता. मला आहे. घर माझ्या कमाईचं आहे, विकणारीची हरकत नाही. कुणाच्या ओट्यावर पाण्याची वाट बघत मी बसणार नाही. तुमच्या चार ओळी राहू द्या तुमच्याजवळ. मी टायपिंगवाल्याकडून लिहून घेते."

आम्ही नेमके त्या चिंचेपाशी उभे होतो. मुन्शीजींनी हात पुढं केला, बुंध्याला टेकायला करतात तसा, आणि हवेत काही लागलं नाही म्हणून परत घेतला. मग म्हणाले, "मॅडम, ह्या वेशीच्या आत तुमच्यातलं एकही खरेदीखत माझ्या हातून न्हाई झालं. म्या कधी इचारच न्हाई केला का न्हाई झालं ते." मी तोंड फिरवून चालू लागले. रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

दोन दिवस लिंबाखाली पेटी नव्हती. टायपिंगवाला म्हणाला, मुन्शीजीच नाहीत तर मी लिहून देतो, त्यात काय, चार नावंच तर टाकायची. मी हो म्हणून आले. पण रात्री जेवताना मायला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हातारा वाईट न्हाई. त्याला कुणी सांगितलंच नसंल." मला मायचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुन्शीजी स्टँडमागच्या आमच्या खोलीच्या दारात उभे. टोपी हातात. मायला म्हणाले, "अक्का, पाणी पाजता का?" मायनं तिचा तांब्या भरून दिला. तांब्याला तोंड लावून त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं, गटागटा, मान वर करून. थोडं सदऱ्यावर सांडलं. मग पेटीतून आणलेला कागद माझ्यापुढं धरला. चार ओळी, त्यांच्या वळणदार अक्षरात.

"नियम उलटा होता माझा," ते म्हणाले. "घर घेणारानं पाणी पाजायचं असतं. ज्याला तहान हाय तो येईल."

"आणि दक्षिण?"

"कागदावर लिवलीय. पाण्यापुरती जुनूब उघडी ठिवू. एक बाजू उघडी असली तर बिघडत न्हाई. वारा येतो."

मी कागद घेतला. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. पण त्या रिकाम्या तांब्याकडे बघून, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच, आपल्यामागं कुणीतरी आहे असं मला वाटलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी दस्तावर माझं नाव बघून मी दहा वेळा वाचलं. मुन्शीजी शेजारी उभे होते. म्हणाले, "आपल्या दस्तात आपलं नाव असतंच, त्यात काय. दुसऱ्याच्या दस्तात आलं की समजायचं, घर झालं." मी हसण्यावारी नेलं. त्या दिवशी मला तेवढं एक नाव खूप होतं.

आम्ही राहायला गेलो त्या दिवशी घरात बुद्धवंदना झाली. आडाचं पाणी काढून मायनं अंगणात दोन घागरी भरून ठेवल्या. भाभी आल्या, वाटूरची सून सासूला घेऊन आली, कंपाउंडर यंत्र घेऊन आले. सगळे पाणी प्यायले. दक्षिणेचं दार बंद होतं. मुन्शीजी त्या बाजूच्या भिंतीशी एक भरलेला तांब्या घेऊन संध्याकाळपर्यंत बसले, पारव्यांकडे बघत. जाताना ते पाणी त्यांनी मायनं सकाळीच त्या भिंतीलगत तुळशीसारख्या जपून लावलेल्या कढीपत्त्याला घातलं.

पुढं सगळ्या घर घेणाऱ्यांना त्यांनी हाच उलटा नियम लावला. लोक म्हणायचे, म्हातारपणी मुन्शीजींचं डोकं फिरलं. ते म्हणायचे, "आता कुठं बराबर फिरलं."

ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. लिंब आहे. पेटी कुठं गेली कुणाला माहीत नाही.

काकू आणि मी भिंतीला भिंत लावून राहिलो. त्या वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. माझं दूध उतू जायला लागलं की त्या पलीकडून ओरडायच्या. माय गेली तेव्हा त्यांनी भिंतीवरून पिठल्याचं पातेलं दिलं, आणि ते मी घासून परत केलं तेव्हा त्यांनी ते दोन दिवस उन्हात पालथं ठेवलेलं मला माळवदावरून दिसलं. त्यांचा हात कढीपत्त्यापर्यंत यायचा, आडापर्यंत कधी आला नाही. मी सवय करून घेतली. पण दुपारी चार वाजता अंगणात बसले की माझे डोळे त्या दक्षिणेच्या भिंतीकडे जायचेच. वारा मात्र खरंच तिकडूनच यायचा.

ह्या उन्हाळ्यात काकूंच्या मुलानं घर विकलं आणि आईला संभाजीनगरला न्यायचं ठरवलं. एक दिवस तो टाइप केलेला मसुदा घेऊन माझ्या दारात आला. "मॅडम, जरा बघता का? उत्तरेला तुमचं घर येतंय. नाव बराबर हाय ना?"

मी चष्मा लावला. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमुक. उत्तरेस: माझं पूर्ण नाव, मध्ये वडिलांचं नाव, मग आडनाव, आणि पुढं "यांचे मालकीचे घर." वडिलांचं नाव वेशीच्या आतल्या दुसऱ्याच्या दस्तात. मला अक्षरं दिसेनाशी झाली. मुलगा म्हणाला, "चुकलंय का काही?" मी म्हटलं, "नाही रे. बराबर आहे."

जायच्या दिवशी टेम्पो गल्लीत लागला. भांडी, माठ, पलंग, सगळं चढलं. ऊन टळटळीत. मुलगा चावी द्यायला गेलेला. काकू आपल्या रिकाम्या ओट्यावर बसल्या होत्या, मग उठल्या, भिंतीला धरून धरून चालत आल्या आणि माझ्या अंगणात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आडाच्या कठड्यावर टेकल्या. धाप लागली होती.

"पाणी हाय का वं, बाई?"

मी मायचा तांब्या भरला. काकूंनी तांब्या वर धरला आणि लांबून तोंडात धार सोडली. धार हुकली, हनुवटीवर गेली, पदर भिजला. पुन्हा धरला, पुन्हा सांडलं. ऐंशीच्या घरातला हात तो, किती वेळ वर राहणार? त्यांनी तांब्या मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बघितलं, आणि मग दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. सगळा प्यायल्या.

हाताला जोर नव्हता म्हणून, की आणखी कशामुळं, ते मी विचारलं नाही. सगळं माफ झालं असंही मी म्हणणार नाही, तेवढा मोठेपणा माझ्यात नाही. रिकामा तांब्या परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "गोड हाय तुमच्या आडाचं."

"येत जा," मी म्हटलं. त्या आता कुठून येणार होत्या!

टेम्पो गेला. मी तांब्या घासायला घेतला, मग तसाच ठेवला. चार वाजले होते. पायात चपला घातल्या आणि वेशीपर्यंत चालत गेले. चिंचेपाशी रस्ता मोकळा होता, तरी मी कडेनं वळसा घातला. मागून एका रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"शुमालला माझं नाव आलं, मुन्शीजी," मी म्हटलं. "आणि जुनूबचं पाणीही झालं."